डॉ. रखमाबाई

आजारी पडल्यावर डॉक्टरांकडे जाणे ही आज आपल्याला अगदी साधी गोष्ट वाटते. परंतु दीडशे वर्षांपूर्वी आपल्या देशातील स्त्रियांना ती साधी नव्हती. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर त्या काळी मोजकेच असत आणि जे असत ते जवळजवळ सारे पुरुष. परपुरुषाला नाडी दाखविणेदेखील घरंदाज स्त्रीला लाजिरवाणे वाटे. काही घराण्यांत तर रोगी स्त्री पडद्याआडून नुसता हात पुढे करी आणि वैद्याने तेवढ्यावरूनच रोग ओळखावा अशी अपेक्षा असे. बाळंतपणाची स्थिती याहूनही कठीण होती. उजेड नाही, वारा नाही, अशा कोंदट खोलीत बाळंतिणीला ठेवीत. बाजेखाली शेगडी धुमसत असे. सुईण अनुभवी असली, तरी रोगजंतूंची तिला कल्पना नसे. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली जाई आणि धनुर्वाताने किंवा ज्वराने कितीतरी माता व अर्भके दगावत. हे सारे दैवाने घडते, अशी सर्वांची समजूत होती. हे दैव नसून अज्ञान आहे आणि ते दूर करता येते, हे ज्या थोड्या स्त्रियांनी प्रत्यक्ष काम करून दाखविले, त्यांमध्ये डॉ. रखमाबाईंचे नाव आदराने घेतले जाते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत एका सुखवस्तू सुतार कुटुंबात झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. रखमा अडीच वर्षांची असतानाच तिचे पितृछत्र हरपले. जयंतीबाईंचे वय त्या वेळी अवघे १७ वर्षांचे होते. उच्चवर्णीय समाजात विधवेला पुन्हा संसार मांडण्याची मुभा नव्हती. परंतु सुतार समाजात पुनर्विवाहाची चाल होती. काही वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. पुन्हा लग्न करण्यापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता आपल्या लहानग्या मुलीच्या नावे करून दिली. आईने दूरदृष्टीने केलेल्या या व्यवस्थेतूनच पुढे एक मोठे वादळ उठणार होते.

सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. औषधी वनस्पतींचा त्यांचा व्यासंग मोठा होता. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधद्रव्यांविषयी त्यांनी पुस्तकही लिहिले होते. रोगी तपासून उरलेला वेळ ते लोकोपयोगी कामांना देत. १८८३ साली मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था निघाली. तिच्या आठ संस्थापकांत हिंदी गृहस्थ दोनच होते आणि ते दोघेही डॉक्टर होते: एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. अशा विद्याव्यासंगी पुरुषाच्या घरात रखमा वाढली. सावत्र पित्याने तिला कधी परके मानले नाही.

तरीही त्या काळच्या रूढीतून तिची सुटका झाली नाही. वयाच्या ११ व्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी या १९ वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आले. दादाजी हा डॉक्टरांच्याच नात्यातला होता. लग्नानंतर त्याने डॉक्टरांच्या घरी राहावे, विद्या मिळवावी आणि संसाराला लायक व्हावे, असे ठरले होते. परंतु दादाजीचे मन विद्येत रमले नाही. तो हे घर सोडून आपल्या मामाकडे राहू लागला, आणि दिवसेंदिवस त्याचे पाऊल वाकड्या वाटेवर पडत गेले. इकडे रखमाची वाट अगदी उलट दिशेची होती. लग्न होताच तिची शाळा सुटली. पण वाचनाची गोडी सुटली नाही. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणावी, अडलेले शब्द घरातील जाणत्यांना विचारावे आणि दुपारच्या निवांत वेळी एकटीने वाचीत बसावे, असा तिचा क्रम होता. अशा रीतीने घरच्या घरी ती उत्तम इंग्रजी शिकली. पुस्तकांतून तिला एक निराळे जग दिसू लागले आणि आपल्या भोवतालच्या बालिकावधूंचे जिणे तिला अधिकच बोचू लागले.

दादाजीने अनेकदा मागणी केली, पण रखमा सासरी गेली नाही. सखाराम अर्जुन यांनीही तिच्यावर सक्ती केली नाही. शेवटी १८८४ साली दादाजीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. आपली पत्नी आपल्या घरी नांदावयास यावी, असा हुकूम व्हावा, ही त्याची मागणी होती. रखमाच्या नावावर असलेल्या मालमत्तेकडे त्याचा डोळा आहे, असे तिच्या पक्षाचे लोक म्हणत. रखमाचे म्हणणे सरळ होते. हे लग्न झाले तेव्हा ती अजाण होती; तिची संमती कोणी विचारली नव्हती; आणि त्या लग्नाच्या नावाखाली तिला न पटणाऱ्या माणसाच्या घरी आयुष्यभर राहण्यास कोणी भाग पाडू नये. आज हे बोलणे कोणालाही न्याय्य वाटेल. परंतु त्या काळी एका हिंदू स्त्रीने न्यायालयात उभे राहून असे म्हणणे ही न भूतो अशी गोष्ट होती.

दावा चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. रखमाबाईंचा मोठा आधार तुटला. तरीही त्या डगमगल्या नाहीत. त्याच वर्षी जून व सप्टेंबर महिन्यांत टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी पत्रात बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पत्रांखाली खरे नाव नव्हते. ती एका हिंदू स्त्रीने लिहिली आहेत, एवढेच छापले होते. बालपणी लग्न लावून दिल्यामुळे मुलींची विद्या कशी खुंटते, शरीर कसे खंगते आणि मनातील आकांक्षा कशा जागच्या जागी विरून जातात, याचे त्यांत हृदयद्रावक वर्णन होते. ही पत्रे रखमाबाईंची होती, हे लोकांना पुढे कळले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. बालपणी जिचे लग्न झाले आणि जी कधी पतीच्या घरी नांदलीच नाही, त्या स्त्रीला बळजबरीने तेथे पाठविणे रानटीपणाचे होईल, असे त्यांचे मत पडले. दावा फेटाळला गेला. परंतु या निकालाने साऱ्या देशात खळबळ उडाली. सरकारचे न्यायाधीश आमच्या धर्मात व घरात हात घालू लागले, असा ओरडा झाला. सुधारकांनी रखमाबाईंची बाजू उचलून धरली. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी त्यांच्यासाठी पुष्कळ खटपट केली. उलटपक्षी लोकमान्य टिळकांसारखे थोर देशभक्तही या प्रश्नावर त्यांच्या विरुद्ध बाजूस होते. परकीय सत्तेने आमच्या चालीरीतींत ढवळाढवळ करू नये, असे त्यांना वाटे. दादाजीने अपील केले आणि दावा पुन्हा चालविण्याचा आदेश झाला.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी दुसरा निकाल दिला. रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदावयास जावे, न गेल्यास त्यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास होऊ शकेल, असा तो हुकूम होता. भारतातील पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक, आनंदीबाई जोशी, यांचा अवघ्या २१ व्या वर्षी पुण्यास अंत होऊन त्या दिवशी जेमतेम एक आठवडा झाला होता. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेली ती तेजस्वी तरुणी एका रोग्यालाही औषध देण्यापूर्वीच काळाने ओढून नेली होती. एकीकडे स्त्रीशिक्षणाच्या आशेवर असा घाला पडला आणि दुसरीकडे २२ वर्षांच्या रखमाबाईंसमोर दोनच वाटा उरल्या. एक सासरची, दुसरी तुरुंगाची. रखमाबाईंनी तुरुंगाची वाट पत्करली. न्यायालयाची आज्ञा पाळण्यापेक्षा शिक्षा भोगणे आपण पसंत करू, असे त्यांनी निर्भयपणे कळविले.

तुरुंगात जाण्याचा प्रसंग मात्र आला नाही. या निर्धाराची वार्ता इंग्लंडपर्यंत पोहोचली आणि तेथील वृत्तपत्रांतही चर्चा सुरू झाली. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने २,००० रुपये घेतले आणि निकालाची अंमलबजावणी करण्याचा आपला हक्क सोडून दिला. चार वर्षांचा झगडा संपला. या खटल्याने जागृत झालेल्या लोकमताचा परिणाम पुढील कायद्यांवरही झाला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलींच्या संमतीचे किमान वय १० वरून १२ वर्षे करण्यात आले. आज ही मर्यादा आपल्याला फारच थोडी वाटते. पण रूढीच्या भिंतीला पडलेली ती पहिली फट होती.

खटला संपला तेव्हा रखमाबाई २३ वर्षांच्या होत्या. मालमत्ता होती, नाव झाले होते. घरी स्वस्थ बसून उरलेले आयुष्य काढणे त्यांना अवघड नव्हते. पण ज्या स्त्रियांच्या दुःखाविषयी आपण पत्रांतून लिहिले, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष काहीतरी करावे, ही तळमळ त्यांना बसू देईना. डॉक्टरांच्या घरात वाढल्यामुळे वैद्यकाचे मोल त्यांना ठाऊक होते. त्या वेळी मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. एडिथ पीची या इंग्रज विदुषी प्रमुख होत्या. स्वतः पीचीबाईंना वैद्यक शिकण्यासाठी एडिंबरा विद्यापीठाशी झगडावे लागले होते. त्यामुळे झगडणाऱ्या मुलीची योग्यता त्यांना चटकन समजली. त्यांनी रखमाबाईंना उत्तेजन दिले आणि मदतनिधीसाठी खटपट केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. १८८९ साली रखमाबाई बोटीने इंग्लंडला गेल्या.

लंडनमध्ये स्त्रियांसाठी निघालेले वैद्यक विद्यालय १८७४ पासून चालू होते. त्यात रखमाबाईंनी नाव घातले. शाळेची पायरी लहानपणीच सुटलेल्या या विद्यार्थिनीला आता परक्या देशात, परक्या भाषेत, शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंतचे सारे विषय शिकावयाचे होते. थंडी, धुके आणि एकटेपणा सोसून त्यांनी पाच वर्षे नेटाने अभ्यास केला. रॉयल फ्री रुग्णालयात रोग्यांच्या खाटांजवळ उभे राहून प्रत्यक्ष अनुभव घेतला. इंग्लंडमधील वैद्यकांची जुनी मंडळे त्या काळी स्त्रियांना आपल्या परीक्षांना बसू देत नसत. म्हणून त्यांनी स्कॉटलंडमध्ये जाऊन तेथील परीक्षा दिली व १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या.

स्वदेशी परतल्यावर १८९५ साली त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला. पदवी मिळविणे एक वेळ सोपे, पण लोकांचा विश्वास मिळविणे अवघड, हे त्यांना तेथे लवकरच कळून आले. रुग्णालय होते, औषधे होती, स्त्री-डॉक्टरही आली होती. परंतु बाळंतपणासाठी स्त्रिया येईनात. घराबाहेर बाळंत होणे अशुभ आणि रुग्णालयात गेलेली बाई जिवंत परत येत नाही, अशी समजूत घरोघरी रुजली होती. नुसत्या उपदेशाने ती कशी जावी? या वेळची एक आठवण सांगितली जाते. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणविली. आपल्या देखरेखीखाली तिचे बाळंतपण केले आणि शेळी व तिचे पिल्लू ही दोन्ही सुखरूप असल्याचे आजूबाजूच्या बायकांना दाखविले. मुके जनावर येथून जिवंत परत गेले, मग आपल्यालाच भय कसले, असा विचार त्या बायकांच्या मनात आला असल्यास नवल नाही. हळूहळू एक आली, दुसरी आली. सुखरूप घरी गेलेली प्रत्येक बाळंतीण रुग्णालयाची कीर्ती आपल्या गल्लीत घेऊन गेली.

रुग्णालयातील काम संपले म्हणजे रखमाबाईंचा दिवस संपत नसे. रोग बरा करण्यापेक्षा रोगाचे मूळ काढणे श्रेष्ठ, हे त्या जाणून होत्या आणि त्या काळातील स्त्रियांच्या दुखण्यांचे मूळ अज्ञानात होते. म्हणून त्या स्त्रियांना एकत्र जमवीत, स्वच्छतेच्या व आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगत आणि लिहिण्यावाचण्याची आवड लावीत. मुलींना शाळेत पाठवा, त्यांची लग्ने लवकर उरकू नका, हे त्या आईबापांना सांगत. आणि सांगणारीने तो अनुभव स्वतः घेतलेला असल्यामुळे तिच्या शब्दांना वजन असे. यासाठी त्यांना कोणी वेगळे वेतन देत नव्हते. ते त्यांनी आपण होऊन पत्करलेले काम होते.

याच काळात गुजरातवर मोठी संकटे कोसळली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि लवकरच ती गुजरातेत पसरली. ज्यांना शक्य होते ते शहरे सोडून पळाले. पाठोपाठ १८९९-१९०० सालचा भयंकर दुष्काळ आला. तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला, म्हणून गुजरातेत आजही त्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात. रखमाबाई आपले ठिकाण सोडून कोठे गेल्या नाहीत. वैद्याने साथीच्या दिवसांत रोग्यांजवळ असावे, हा आपल्या व्यवसायाचा धर्म त्यांनी पाळला.

१९०४ साली दादाजी मरण पावला. त्यानंतर रखमाबाई विधवेप्रमाणे पांढरे लुगडे नेसू लागल्या, असे सांगतात. ज्या लग्नाचे बंधन त्यांनी न्यायालयातही मानले नाही, त्याच्या नावाने त्यांनी हा वेष का घेतला, याचे कोडे अनेकांना पडले. मनुष्याचे मन एका नियमाने बांधलेले नसते, एवढेच त्यावर म्हणता येईल. पुन्हा संसार मांडावा असे मात्र त्यांना कधी वाटले नाही. रुग्णालय हेच त्यांचे घर आणि तेथे जन्मलेली मुले हाच त्यांचा गोतावळा झाला.

सुरतेस सुमारे २२ वर्षे सेवा केल्यावर त्यांना सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत मानाची जागा देऊ करण्यात आली. ती नाकारून १९१८ च्या सुमारास त्या राजकोट संस्थानातील स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य डॉक्टर म्हणून गेल्या. काठेवाडातील संस्थानी वातावरणात पडद्याची चाल फार कडक होती. म्हणजे स्त्री-डॉक्टरची गरजही तेथे अधिक होती. राजकोटला त्यांनी रेड क्रॉसची शाखा सुरू केली आणि पुष्कळांना सेवाकार्यात ओढले. पडदापद्धतीमुळे स्त्रियांचे आरोग्य व शिक्षण यांची किती हानी होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून १९२९ साली ही पद्धती नाहीशी व्हावी, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका त्यांनी लिहिली. तेव्हा त्यांचे वय ६४ वर्षांचे होते. तरुणपणी हाती घेतलेली लेखणी त्यांनी उतारवयातही खाली ठेवली नव्हती.

सुमारे ३५ वर्षांच्या सेवेनंतर १९३० च्या सुमारास त्या निवृत्त होऊन मुंबईस आल्या. उरलेले आयुष्य त्यांनी शांतपणे, प्रसिद्धीपासून दूर राहून घालविले. ज्या नावाने एके काळी देशभरातील वृत्तपत्रांचे रकाने भरले होते, ते नाव नव्या पिढीला हळूहळू अपरिचित झाले. रखमाबाईंना त्याची खंत वाटण्याचे कारण नव्हते. त्यांनी लावलेल्या रोपाची वाढ त्यांना डोळ्यांनी पाहावयास मिळत होती. देश स्वतंत्र झाला. वैद्यकीय महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने जाऊ लागल्या. आणि १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. वधूचे वय निदान १५ वर्षांचे असावे, असे त्याने ठरविले आणि न टिकणाऱ्या विवाहातून कायद्याने मोकळे होण्याचा मार्ग स्त्रीलाही खुला केला. पुढे १९७८ साली मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ वर्षे झाले.

हा कायदा अमलात आल्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी डॉ. रखमाबाईंनी देह ठेवला. ज्या हक्कासाठी त्यांनी तरुणपणी तुरुंगाची तयारी ठेवली होती, तो हक्क अखेर देशाच्या कायद्यात लिहिला गेला होता. त्यांचा खटला लोकांच्या स्मरणात राहिला, हे योग्यच आहे; परंतु खटला चार वर्षे चालला आणि सेवा ३५ वर्षे. आपल्यावरील अन्याय दूर झाल्यावर पुष्कळ माणसे समाधानाने घरी बसतात. रखमाबाईंनी मात्र स्वतःची सुटका होताच इतरांच्या सुटकेसाठी पुस्तके उघडली आणि मग आयुष्यभर रुग्णालयाचे दार उघडे ठेवले.